पहिल्या आठवड्यातला परदेश

इसवी सन ६४१ च्या सुमारास युआन श्वांग हा चिनी भिक्षू महाराष्ट्रात आला. गादीवर दुसरा पुलकेशी होता. इथल्या माणसांविषयी या परक्या पाहुण्याने जे लिहून ठेवले, ते आपण आजही कौतुकाने सांगतो. उपकाराला जागणारे, अपमान झाला तर सूड घेणारे, आणि सूड घेण्याआधी शत्रूला तशी सूचना देणारे हे लोक, असा त्याचा अभिप्राय. लढाईला निघण्यापूर्वी हत्तींना मद्य पाजतात, हेही त्याने टिपले. राजधानी त्याने पाहिली, तिच्याजवळून मोठी नदी वाहते असेही लिहिले. मात्र तिचे नाव लिहिले नाही. ती नाशिक, पैठण की बदामी, यावर इतिहासकारांचा वाद अजून मिटलेला नाही.

परक्या देशाचे पहिले दर्शन म्हणजे काय, ते या एका उदाहरणात पुरते दिसते. प्रवाशाला माणसांचा स्वभाव चार दिवसांत कळल्यासारखा वाटतो आणि तो बेधडक लिहून मोकळा होतो. ज्या शहरात तो उभा आहे त्याचे नाव मात्र राहून जाते. तरीही तेराशेहून अधिक वर्षांनंतर आपल्याला त्याच्याकडेच जावे लागते, कारण घरच्या माणसाला जे रोजचे म्हणून दिसत नाही ते नवख्याला दिसते.

प्रस्तुत संग्रह याच प्रकारच्या लेखनाचा आहे. कराड आणि भोवतालच्या सातारा-सांगलीच्या तालुक्यांतून जी माणसे परदेशात गेली, त्यांनी पोहोचल्यावर पहिल्या काही दिवसांत घरी जे लिहिले किंवा कळवले, ते इथे एकत्र केले आहे. पत्रे आहेत, रोजनिशीची पाने आहेत, अलीकडच्या मुलांनी रात्री जागून टाइप केलेले लांबलचक निरोपही आहेत. मराठी प्रवासवर्णनांच्या ओळखीच्या रांगेत हे लेखन बसवायचे कुठे, हे कळण्यासाठी आधी ती रांग नीट पाहायला हवी.

या रांगेच्या तोंडाशी उभा आहे तो साताऱ्याचाच माणूस. प्रतापसिंह छत्रपतींना १८३९ मध्ये कंपनी सरकारने गादीवरून काढले आणि काशीला पाठवले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. सुएझचा कालवा व्हायला अजून तीस वर्षे होती, आणि समुद्र ओलांडणाऱ्याला घरी परतल्यावर प्रायश्चित्त चुकत नव्हते. रंगो बापूजी तिथे जवळजवळ १४ वर्षे राहिले. कंपनीच्या संचालकांपुढे अर्ज केले, पार्लमेंटच्या सभासदांना गाठले, पत्रके छापून वाटली, जोसेफ ह्यूम आणि जॉर्ज थॉम्प्सन यांच्यासारखे पाठीराखे मिळवले. मधल्या काळात १८४७ मध्ये महाराज काशीतच वारले, पुढच्याच वर्षी साताऱ्याचे राज्य खालसा झाले, आणि १८५३ च्या अखेरीस हा वकील रिकाम्या हातांनी परत निघाला.

त्यांच्या आधीही मराठी वकील तिथे गेले होते. रघुनाथराव पेशव्यांनी १७८१ मध्ये धाडलेले हणमंतराव पार्लमेंटचे सभासद एडमंड बर्क यांच्या आश्रयाला राहिले होते. या मंडळींना लंडन दिसले ते कचेरीच्या दारातून. कोणता अधिकारी कोणाचे ऐकतो, अर्ज कोणत्या टेबलावर अडतो, वर्तमानपत्रात मजकूर कसा येतो, हे त्यांचे पर्यटन. शिवाय रंगो बापूजी आले होते एका राजधानीतूनच. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाल्यापासून सातारा हे छत्रपतींचे आसन होते. म्हणून या पहिल्या पिढीच्या लेखनात भांबावलेपण कमी आणि हिशेब जास्त आहे. आपल्याकडच्या परदेशदर्शनाची पहिली शाखा ही फिर्यादीची.

दुसरी शाखा सुधारकांची, आणि तिच्या अग्रभागी आहेत पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी त्यांचे ‘इंग्लंडचा प्रवास’ छापले गेले. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला पोहोचल्या आणि पुढे दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत फिरल्या. त्यातून १८८९ मध्ये अमेरिकेच्या लोकस्थितीवरचे त्यांचे जाडजूड पुस्तक तयार झाले. शाळा कशा चालतात, बायकांच्या संस्था पैसा कसा उभारतात, कायदा कोण करतो, तिथल्या बायकांना काय मिळाले आणि काय अजून मिळायचे आहे, हे सगळे त्यांनी मांडले. प्रत्येक पानामागे एकच प्रश्न उभा आहे: हे आपल्याकडे का नाही? हा प्रश्न पुढे शंभर वर्षे मराठी प्रवाशाच्या मानगुटीवर बसला. रमाबाईंनी तो अभ्यासाच्या जोरावर विचारला. नंतरच्या पुष्कळांनी तो स्वच्छ रस्ते आणि वेळेवर येणारी गाडी पाहून विचारला.

तिसरी शाखा राजकीय मताच्या यात्रेकरूंची. तिच्यासाठी मॉस्को हे एकच शहर घेऊ. १९३५ मध्ये तिथली भुयारी रेल्वे सुरू झाली आणि जगभरचे लेखक ती पाहून भारावून परतले. त्याच काळात, १९३६ ते १९३८ या वर्षांत, जुन्या क्रांतिकारकांवर त्याच शहरात खटले चालले आणि त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. फ्रेंच लेखक आंद्रे जीद पाहुणा म्हणून गेला आणि टीका करत परतला. असे निघाले थोडे. मराठीत अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० मध्ये आले आणि प्रवासवर्णनाला ललित गद्याचे रूप मिळाले. माहितीचे ओझे बाजूला ठेवून मनावर उमटलेले चित्र रंगवायचे, ही वाट त्या पुस्तकाने रुळवली.

दोन दशकांनी, १९६१ मध्ये, मॉस्कोला पोहोचले वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. शाळेची पायरी जेमतेम चढलेला हा माणूस लहानपणी बापाबरोबर पायी मुंबईला गेला होता, गिरणीत राबला होता, कामगारवस्तीत राहिला होता. स्टालिनग्राडच्या लढाईवरचा त्यांचा पोवाडा त्यांनी तो देश पाहण्याच्या कितीतरी आधी रचलेला. ‘माझा रशियाचा प्रवास’ वाचताना हे विसरून चालत नाही. ज्याचे गुण आधीच गाऊन झाले आहेत ते गाव पाहायला निघालेल्या वारकऱ्यासारखी त्यांची नजर आहे, आणि तरीही ती आंधळी नाही, कारण तिच्यात मुंबईच्या झोपडीचे माप आहे. घर, मजुरी, रस्ता, माणसाला मिळणारी वागणूक यांची किंमत त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती.

तीनच वर्षांनी, १९६४ मध्ये तिथल्या उन्हाळ्याअखेर, संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण मॉस्कोत होते. तेही वाटेगावापासून फार दूरचे नव्हेत. जन्म देवराष्ट्र्याचा, शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात. चीनच्या युद्धानंतरची शस्त्रास्त्रांची निकड त्यांना तिथे घेऊन गेली होती. त्याच वर्षी मे महिन्यात ते अमेरिकेत होते, आणि पंडित नेहरूंच्या निधनाची बातमी आल्यावर दौरा अर्धवट टाकून परतले होते. एकाच शहराकडे एक जण मजुराच्या डोळ्यांनी पाहत होता, दुसरा वाटाघाटीला आलेल्या मंत्र्याच्या. दोघेही यजमानांच्या देखरेखीत, दुभाष्याच्या तोंडून ऐकत. तरी दोघांचे मॉस्को एक नाही.

यशवंतरावांमुळे आपण चौथ्या शाखेकडे येतो, ती पत्रांची. संरक्षण, अर्थ, परराष्ट्र या खात्यांच्या निमित्ताने ते जगभर फिरले आणि जाईल तिथून पत्नी वेणूताईंना लिहीत राहिले. त्यांच्या निधनानंतर ही पत्रे ‘विदेश दर्शन’ या नावाने पुस्तकरूपाने आली. आमच्या भागातल्या परदेशविषयक लेखनात आम्ही या पुस्तकाला सर्वात वरचे स्थान देतो. याचे कारण त्यांच्या हुद्द्यात नाही. ज्या माणसाला सगळे जग अधिकृत कागदांतून दिसत होते, त्याने दिवसाच्या शेवटी ते घरच्या भाषेत, एकाच माणसासाठी, पुन्हा पाहिले. जाहीर भाषणात जे बोलता येत नाही ते पत्रात येते: दमणूक, कंटाळा, एखाद्या शहराबद्दल अकारण वाटलेला जिव्हाळा. वाचणारी व्यक्ती एकच असल्यामुळे लेखकाला शहाणपण मिरवावे लागत नाही. कराडला वेणूताईंच्या नावाने उभ्या राहिलेल्या स्मारकात जाऊन यशवंतरावांचा ग्रंथसंग्रह पाहिला, म्हणजे ही नजर कोणत्या वाचनावर पोसली होती तेही कळते.

पाचवी शाखा सर्वांच्या परिचयाची. पु. ल. देशपांड्यांचे ‘अपूर्वाई’ १९६० मध्ये आले, पाठोपाठ ‘पूर्वरंग’. गंगाधर गाडगिळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ त्याच सुमाराचे. परदेशात गोंधळलेला, स्वतःवर हसणारा मध्यमवर्गीय मराठी माणूस हा पुलंनी कायमचा उभा केला. त्यामागे बारीक निरीक्षण आणि माणसांचा लोभ होता. नंतर मात्र तो साचा झाला. काटेचमचे, न्हाणीघरातला कागद, पहिला बर्फ, शाकाहाराचे हाल, एवढ्या भांडवलावर पुस्तके निघू लागली आणि देश कोणताही असला तरी मजकूर तोच राहिला. या साच्याबाहेर गेलेल्यांत आमच्याकडचे व्यंकटेश माडगूळकर आहेत. माणदेशातल्या धनगरांवर ‘बनगरवाडी’ लिहिणारा लेखक ऑस्ट्रेलियाला गेला आणि त्याच्या पुस्तकाचे नाव झाले ‘पांढरी मेंढरे हिरवी कुरणे’. दुष्काळी मुलुखातून आलेल्या माणसाने कुरणांच्या देशात मेंढरांकडे पाहावे, यात कसलीही ओढाताण नाही. ज्याला मेंढरू कळते त्याला ते सातासमुद्रापारही कळते. दुसऱ्या टोकाला मीना प्रभूंचे ‘माझं लंडन’ आहे. ते त्या शहरात वर्षानुवर्षे राहून लिहिलेले, म्हणजे पहिल्या दर्शनाच्या बरोबर उलट. दोन्ही शेजारी ठेवून वाचली, तर राहिल्याने काय मिळते आणि काय हरवते ते समजते.

ही झाली लिहिणाऱ्यांची रांग. आमच्या भागातून परदेशी गेलेले बहुसंख्य लोक तिच्यात नाहीत. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या. कुतच्या वेढ्यात त्या अडकल्या, २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करली आणि अनेक जण कैदेत मेले. मार्च १९१७ मध्ये बगदाद इंग्रजांच्या हाती आले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या एका गावातले ४६ जवान त्या युद्धात कामी आले. या शिपायांनी पाहिलेला परदेश सेन्सॉरच्या हाताखालून गेलेल्या पत्रांत होता, तोही बहुधा दुसऱ्याच्या अक्षरात.

खाशाबा जाधवांचेही असेच. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान, यशवंतरावांच्याच टिळक हायस्कुलाचा विद्यार्थी, १९४८ च्या ऑलिंपिकसाठी लंडनला गेला. युद्ध संपून तीन वर्षे झाली होती, शहरात बॉम्बने पडलेल्या इमारती तशाच होत्या, अन्नाचे रेशनिंग चालू होते. ज्या साम्राज्याने वर्षभरापूर्वी आपला देश सोडला त्याची राजधानी त्याने अशी, पोट आवळून बसलेली पाहिली. तांबड्या मातीत वाढलेला पैलवान तिथे गादीवर खेळला आणि सहावा आला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी घर गहाण ठेवले. खाशाबांनी कांस्यपदक आणले आणि कराड स्टेशनापासून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यांच्या कुस्त्या इथल्या पोराबाळांना पाठ आहेत. जुलैत रात्री दहालाही मावळत नसलेल्या उजेडात हेलसिंकी त्यांना कसे वाटले, हे विचारण्याचे मात्र कुणाला फारसे सुचले नाही.

काही जणांनी लिहिले, पण ते मराठी यादीतून निसटले. औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत १९४८ मध्ये स्वतंत्र भारताचे प्रतिनिधी म्हणून नैरोबीला गेले. ज्या संस्थानाने १९३९ मध्ये प्रजेच्या हाती कारभार दिला, तिथून निघून ते गोऱ्या-काळ्यांत विभागलेल्या वसाहतीच्या शहरात उतरले. आफ्रिकी पुढाऱ्यांशी त्यांची मैत्री इंग्रज अधिकाऱ्यांना खुपली. त्यांनी इंग्रजीत लिहिले, म्हणून आपल्या प्रवासवर्णनाच्या इतिहासात त्यांना जागा मिळत नाही. ही रीत बदलायला हवी.

राजधान्यांबद्दल स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे, कारण बहुतेक प्रवासी देशात पाऊल ठेवतात ते राजधानीत, आणि देशाविषयीचे मत तिथेच बनवतात. राजधानी ही पाहुण्याला दाखवण्यासाठीच सजवलेली असते. रुंद हमरस्ते, स्मारके, पार्लमेंट, संग्रहालये यांत राज्यकर्त्यांनी स्वतःबद्दल काय ठरवले आहे ते कळते. लोक काय खातात ते कळत नाही. वॉशिंग्टन आणि कॅनबेरा तर राजधानी म्हणूनच आखून वसवलेली शहरे. तिथे पाहिलेले खोटे नसते, पण ते राज्याने दाखवलेले असते. म्हणून अनुभवी प्रवासी राजधानीत दोन ठिकाणी आवर्जून जातो: सकाळचा बाजार आणि गावाबाहेर जाणाऱ्या बसगाड्यांचा थांबा.

पहिल्या दर्शनाचा वेगही काळाप्रमाणे बदलत गेला. बोटीच्या दिवसांत बॅलार्ड पिअरवरून निघालेल्या माणसाला एडन लागे, पोर्ट सैद लागे, आणि विलायत येईपर्यंत दोन-तीन आठवडे लोटत. डोळ्यांना सवय होत होत परदेश येई. विमानाने ही मधली पायरी काढून घेतली. साठीच्या दशकात परकीय चलनाची टंचाई अशी होती की प्रवाशाच्या खिशात मोजके डॉलर असत. त्या पिढीच्या लेखनात चहाच्या कपाची किंमत इतक्या वेळा येते ती याच कारणाने. तो कंजूषपणा नव्हता, सरकारी नियम होता.

आता दार उघडण्याआधीच घर दिसते. कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून किंवा सांगलीच्या वालचंदमधून शिकून बर्लिनला निघालेल्या मुलाने आपली गल्ली नकाशावर शंभरदा पाहिलेली असते. मग पहिल्या दर्शनाला काही अर्थ उरला का? आमच्या मते उरला आहे, फक्त त्याची जागा सरकली आहे. इमारती पाहून आता कुणी चकित होत नाही. चकित करते ते रविवारी बंद असलेले दुकान, राहत्या पत्त्याची दोन आठवड्यांत करावी लागणारी नोंदणी, घर भाड्याने देण्याआधी मागितलेली कागदपत्रे, आणि बसमधली शांतता. मस्कत आणि दोह्याला गेलेल्यांना उन्हाळ्याच्या दुपारी ओस पडलेले रस्ते पहिल्यांदा दिसतात. डॉक्टर व्हायला युक्रेनला गेलेल्या मुलांपैकी ज्यांचे पहिलेच वर्ष होते, त्यांना फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटल्यावर तो देश तळघरातून पाहावा लागला.

हा विषय आज महत्त्वाचा वाटतो तो यासाठी. पूर्वी गावातून एखादा जाई आणि त्याचे म्हणणे गाव वर्षभर ऐके. आज वाड्यावस्त्यांवरून मुले जातात, आणि त्यांचे पहिले मत काही मिनिटांत शेकडो फोनवर पोहोचते. त्या मतावर मागची मुले कर्ज काढतात, जमीन विकतात, लग्ने ठरवतात. पहिल्या आठवड्यातल्या शब्दाला एवढी किंमत याआधी कधी नव्हती.

या संग्रहात आम्ही एवढेच केले आहे. मजकूर देशांप्रमाणे लावण्याऐवजी माणूस कशासाठी गेला त्याप्रमाणे लावला: शिपाई, विद्यार्थी, नोकरदार, लेकाकडे गेलेले आईवडील, आणि द्राक्षबागा किंवा साखर कारखाने पाहायला अभ्यासदौऱ्यावर गेलेले शेतकरी. कारण मजकूर वाचताना आमच्या ध्यानात आले की, पाहणाऱ्याला कोणी बोलावले, खर्च कोणी केला आणि तो कोणाला सांगत होता, या तीन गोष्टींनी त्याचे दर्शन घडते. देश त्यानंतर येतो. शब्दांना हात लावलेला नाही. चुकीची माहिती तशीच ठेवली आहे. एखाद्या समाजाविषयीचे अन्यायाचे उद्गारही गाळले नाहीत, कारण सभ्य करून छापलेले पहिले मत हे पहिले मत राहत नाही. वाचकाने ते त्या देशाचे प्रमाणपत्र समजू नये. सातव्या शतकातला भिक्षू आपल्याविषयी जे लिहून गेला त्यातलेही आपण सोयीचे तेवढेच उचलतो, हे ध्यानात ठेवावे.

हे काम पुरे झालेले नाही. गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी खानापूर-आटपाडीतून देशभर पांगलेल्या कुटुंबांचे अनुभव आम्ही घेतले नाहीत. त्यांना स्वतंत्र पुस्तक लागेल. बायकांचे लेखन हवे तेवढे मिळाले नाही. वाचकांकडे एकच मागणे आहे. घरातल्या ट्रंकेत परदेशातून आलेली जुनी पत्रे असतील, तर रद्दीत घालण्यापूर्वी ती वाचा, पाकिटावरची तारीख आणि शहराचे नाव वहीत उतरवून ठेवा. आणि जी मुले आता जात आहेत त्यांना सांगा की पहिल्या आठवड्यातच लिहा. महिन्याभरात डोळे सरावतात, आणि मग लिहिण्यासारखे काही दिसेनासे होते.